खुंटावरची फुलं

काका वाक्य अर्ध्यावर सोडायचे आणि डावीकडे बघायचे.

"यंदा ऊन जरा..." असं म्हणायचे आणि थांबायचे. डावीकडे, मागच्या दाराशी, वेताच्या खुर्चीत काकू बसलेल्या असायच्या. त्या काही बोलायच्या नाहीत. काका मात्र समोरच्याला बोलायला जेवढा वेळ द्यावा तेवढा देऊन मग हलक्या आवाजात स्वतःच वाक्य पुरं करायचे, "...लवकरच तापलंय, नाही का."

मी फिजिओथेरपिस्ट आहे. म्हातारं माणूस बोलता बोलता थांबलं की माझं लक्ष आधी त्याच्या मेंदूकडे जातं. पहिल्या दिवशी मला वाटलं, पेशंट एक सांगितलाय, इथे दोन आहेत. पुढे त्यांच्या मुलीकडून कळलं की लग्न झाल्यापासून काकांची निम्मी वाक्यं काकूच पुरी करत आल्या होत्या. शेजाऱ्यांपाशी, लग्नाकार्यात, भाजीवाल्यापाशीसुद्धा. काका सुरुवात करायचे आणि काकू ते वाक्य हातातून काढून घेतल्यासारखं घेऊन शेवटाला न्यायच्या. अशी जोडपी तुम्हीही पाहिली असतील. त्यातल्या एकाची वाचा गेली तर दुसऱ्याचं काय होतं, ते मी त्या घरात पाहिलं.

घर नौपाड्यात होतं, मोठ्या रस्त्यावरून आत वळणाऱ्या एका गल्लीत, तळमजल्यावर. माझं क्लिनिक संध्याकाळी उघडायचं. मधल्या वेळात डोंबिवलीला घरी जाऊन परत येण्यात काही अर्थ नसायचा, म्हणून लोकांच्या घरी जाऊन करायचे पेशंट मी दुपारी ठेवायचे. नौपाडा दुपारी झोपतो. दुकानांची शटरं अर्धी खाली आलेली असतात, दवाखान्यांच्या पायऱ्यांवर मांजरं पसरलेली असतात, रिक्षावाला मागच्या सीटवर पाय बाहेर काढून आडवा झालेला असतो. ते घर आठवलं की मला आधी ती दुपार आठवते. मागच्या दारातून येणारा हिरवट उजेड, संथ फिरणारा पंखा, आणि आला आला म्हणेपर्यंत नाहीसा होणारा एक गोड वास.

तो वास गुलाबांचा होता. मागच्या दारातून दोन पायऱ्या उतरलं की कंपाउंडच्या भिंतीपर्यंत जमिनीचा एक अरुंद पट्टा होता. त्यात गुलाब होते, पण आपण बागेत बघतो तसे नव्हेत. ओळी नाहीत, कुंड्या नाहीत, नावांच्या पाट्या नाहीत. झुडपंच होती, माझ्या खांद्याएवढी, एकमेकांत शिरलेली. भिंतीवरून निम्मी पलीकडे गेलेली. खाली वाळक्या पानांचा जाड थर. फुलं लहान, फिकट गुलाबी, सैल पाकळ्यांची, आणि इतकी की कितीतरी तशीच झाडावर गळून जात.

"यांना खतबित काय घालता?" पहिल्याच आठवड्यात मी विचारलं.

"राहू दे," काका म्हणाले. "त्यांना काही..." डावीकडे बघितलं. थांबले. "...नको असतं."

"राहू दे" हे त्यांचं पालुपद होतं. पान पिवळं पडलं, राहू दे. मुंग्या लागल्या, राहू दे. फांदी वाटेत आली तरी ते तिला वळसा घालून जायचे आणि म्हणायचे, राहू दे. मला ते आळशी वाटले होते. ते किती चुकीचं होतं ते कळायला मला बैठकीच्या खोलीतलं काचेचं कपाट बघावं लागलं.

त्या आधी काकूंबद्दल सांगते. काकू शाळेत भूगोल शिकवायच्या. आवाज असा की वर्गात आफ्रिका शिकवत असल्या तर बाहेरच्या पानवाल्यालाही आफ्रिका पाठ व्हावी, असं काका म्हणायचे. निवृत्त झाल्यानंतर दोनेक वर्षांत त्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला, उजवा पाय गेला, आणि वाचा गेली. सगळी मात्र गेली नव्हती. अशा आजारात कधी कधी एखादा शब्द, एखादी शिवी, देवाचं एखादं नाव जिभेवर राहून जातं आणि तेवढंच येतं. काकूंच्या जिभेवर राहिलं होतं, "असं का."

पाणी हवं असलं तरी असं का. पंखा बंद करायचा असला तरी असं का. मी गुडघा जरा जास्त वाकवला की येणारं "असं का" ऐकून शाळेतल्या मुली का थरथरत असतील ते मला कळायचं. चढउतार, राग, लाड, थट्टा, सगळं त्या दोन शब्दांत बसवलेलं. एकदा गॅसचं मीटर बघायला आलेला माणूस आपल्या बहिणीच्या सासरची सगळी कर्मकथा काकूंना सांगत बसला. काकू योग्य जागी "असं का" म्हणत राहिल्या. निघताना तो काकांना म्हणाला, "बाई फार समजूतदार आहेत हो. आजकाल कोण एवढं ऐकून घेतं." काकांनी त्याला काही सांगितलं नाही. मी आत आले तेव्हा दोघंही हसत होते, काकू उजव्या बाजूने थोड्या वाकड्या, पण पोट धरून.

आता ते कपाट. त्यात चषक होते. गुलाबांच्या प्रदर्शनात मिळालेले. काका वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात तपासनीस होते, तयार झालेला माल बरोबर आहे की नाही हे बघणारे. सुट्टीच्या दिवशी आणि रोज सकाळ-संध्याकाळ मात्र गुलाब. तेव्हाचे गुलाब वेगळे होते. एका दांड्यावर एकच फूल, मुठीएवढं, कळीपासून पाकळी मोजून उघडणारं. अशा जातीचं रोप म्हणजे गावठी गुलाबाच्या खुंटावर भरलेला डोळा, म्हणजे साल कापून बसवलेला दुसऱ्या जातीचा अंकुर. मुळं गावठी, वरचं सगळं परकं. वरच्याला ठाण्याची हवा मानवत नाही. पावसाळ्यात पानांवर काळे ठिपके येतात, उन्हाळ्यात फुलकिडे लागतात. काका फवारे मारायचे, हाडांचं खत घालायचे, कोळणीकडून मासळी धुतलेलं पाणी आणून घालायचे. पाऊस आला की एकेका कळीवर छत्री बांधायचे.

"घरात छत्री शोधली तर मिळायची नाही," ते सांगत होते. मी काकूंचा पाय उचलून धरलेला. "ही शाळेत भिजत जायची. आणि बाहेर फुलं..." थांबले. "...कोरडी."

"असं का," काकू म्हणाल्या. त्यात जुनी तक्रार होती आणि ती मजेत होती.

खुंट गावठी असल्यामुळे मुळाजवळून त्याचे फुटवे यायचे. हे फुटवे वरच्या डोळ्याचं अन्न खातात, म्हणून बाग करणारा माणूस ते दिसताच खुडतो. काका रोज सकाळी वाकून, पानं बाजूला करून ते शोधायचे आणि मुळापासून ओढून काढायचे. वर्षानुवर्षं.

आणखी एक गोष्ट त्यांनी मला बऱ्याच दिवसांनी सांगितली. काकू तेव्हा झोपल्या होत्या. त्या बागेतलं एकही फूल त्यांनी काकूंना कधी दिलं नव्हतं. चांगलं फूल प्रदर्शनाला जायचं. कमी चांगलं झाडावर ठेवायचं, म्हणजे झाड कसं चाललंय ते कळतं. "तिने मागितलंही नाही," ते म्हणाले. "शाळेत जाताना ती कोपऱ्यावरून मोगऱ्याचा गजरा घ्यायची. गुलाबवाल्याची बायको आणि केसात विकतचा गजरा. लोक हसायचे. मला वाटायचं, तिला मोगराच..." त्या दिवशी त्यांनी वाक्य पुरं केलं नाही.

काकूंना झटका आला तो पावसाळ्याच्या तोंडाशी. हॉस्पिटल, मग दुसरं हॉस्पिटल, मग शीळफाट्याच्या पुढे नव्या टॉवरमध्ये राहणाऱ्या मुलीकडे काही महिने. दोघं नौपाड्यात परतली तोवर दिवाळी होऊन गेली होती. मागचं दार उघडलं तर बाग मेलेली. मुठीएवढ्या फुलांची सगळी झाडं वरून खाली काळी पडत गेली होती. छत्र्यांच्या काड्या तेवढ्या उभ्या होत्या.

"मला काही वाटलंच नाही," काका म्हणाले. "हिला दारातून आत कसं आणायचं याचीच चिंता होती. खुर्ची मागच्या दाराशी ठेवली, इथे उजेड असतो म्हणून. आणि मग ही बोट दाखवायला लागली."

मेलेल्या झाडांच्या बुंध्यातून फुटवे वर आले होते. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच ते कुणी खुडले नव्हते. लांब, हिरवेगार, आणि त्यातल्या एकावर फिकट गुलाबी फूल. काका सवयीने खाली उतरले, वाकले, फुटवा मुठीत धरला. मागून काकू ओरडल्या, "असं का." पुन्हा ओरडल्या. काकांनी हात सोडला.

"तेच हे," बाहेर बघत ते म्हणाले. "ते फूल तोडून हिच्या मांडीवर ठेवलं. पहिलंच."

त्यानंतर त्यांनी फक्त असेच गुलाब लावले. ज्यांना फवारा लागत नाही, ज्यांच्याकडे बघितलं नाही तरी चालतं, जे एका दांड्यावर पुंजक्याने फुलतात आणि पाकळी मोजत नाहीत. त्यांच्या लेखी याचं कारण अगदी साधं होतं. वेळ आता काकूंना लागत होता. पहाटेपासून रात्रीपर्यंत अंघोळ, जेवण, औषधं, केस, सगळं ते करायचे. गड्याला, बाईला हात लावू द्यायचे नाहीत. दसरा झाला की झुडपं एकदा छाटायची, तीही मनाला येईल तशी. मे महिन्यात पाणी. बाकी राहू दे.

माझी त्यांच्याशी भांडणं व्हायची ती यावरूनच. गुलाबांवरून नव्हे, काकूंवरून. काकूंच्या डाव्या हातात ताकद होती. पाय हळूहळू धरू लागला होता. चमचा त्यांनी स्वतः धरायला हवा होता, गाऊनचं बटण स्वतः लावायला हवं होतं, भिंतीला धरून मोरीपर्यंत जायला हवं होतं. मी बटण लावायला सांगायचे, काकू बोटांनी ते भोकापाशी आणायच्या, बटण निसटायचं, पुन्हा आणायच्या, आणि तेवढ्यात काकांचा हात मध्ये यायचा. बटण लागलेलं.

"काका, त्यांना करू द्या."

"वेळ लागतो गं तिला."

"लागू द्या."

"दमते ती."

काकूंच्या शब्दासाठी हा माणूस हवा तेवढा वेळ थांबायचा. बटणासाठी थांबणं त्याला जमत नव्हतं. मी हे त्यांना एकदा बोलूनही दाखवलं. त्यांनी काकूंची बाही सरळ केली. मग म्हणाले, "शब्दात माझा हात पोचत नाही."

मी काकूंचा पाय दुसऱ्या बाजूला वळवला.

त्या थंडीत एकदा त्यांनी विचारलं, "तुझी गाडी रविवारी रिकामी असते का?" एव्हाना मी "डॉक्टर, तुम्ही"वरून "अगं"वर आले होते. शहाडला त्यांच्या चुलतभावाचं घर होतं, आता तिथे कुणी राहत नव्हतं. पण त्या वाटेवर नदीच्या बाजूला एका घराच्या कुंपणावर पांढरा गुलाब होता. तरुणपणी तो बघून त्यांनी नाक मुरडलं होतं, हा काय गुलाब झाला का म्हणून. आता तो रात्री स्वप्नात येतो, असं ते म्हणाले. "वासासकट येतो. हिलाही..." थांबले. "...दाखवावा म्हणतो."

आम्ही निघालो. काकू पुढे माझ्या शेजारी, पट्टा लावून, डोक्याला स्कार्फ. कल्याण ओलांडेपर्यंत ऊन वर आलं होतं, पण नदीकडे वळलो तसं धुकं पुन्हा लागलं. उल्हासवरचं धुकं जमिनीलगत पडून राहतं, त्यात म्हशींच्या नुसत्या पाठी दिसतात. मी काच खाली केली. आधी वास आला. मधासारखा, थोडा लवंगेचा. मग कुंपण दिसलं, आणि त्यावर पांढरं काहीतरी ओतल्यासारखं सांडलेलं. त्या झाडाला आधार नव्हता, आळं नव्हतं. तारेचं कुंपण त्याच्या वजनाने आत झुकलं होतं.

घर एका कोळी कुटुंबाचं होतं, दुमजली, दाराशी दोन मोटरसायकली. आमच्या वयांच्या मधली एक बाई बाहेर आली, काकांपेक्षा बरीच लहान, माझ्यापेक्षा मोठी. काकांनी फांदी मागितली.

"ने की. किती पायजेत?" तिने आतून कोयता आणला. "आजीने लावलेला म्हनतात. त्याला काय करावं लागत नाय. पूर आलेला तेवा चार दिस पान्यात व्हता."

"मेला नाही?"

"आमीच मरायला टेकलेलो. तो नाय."

ती फांद्या तोडायला लागली आणि गाडीची खिडकी जवळ म्हणून एकेक फांदी काकूंच्या हातात द्यायला लागली. काका पुढे झाले. "अहो, तिला नाही जमणार, माझ्याकडे द्या." पण काकूंनी पहिली फांदी घेतली होती. काटे बोचत होते, तरी डाव्या हाताने धरून त्यांनी ती मांडीवर आडवी ठेवली आणि हात पुन्हा खिडकीबाहेर काढला. दुसरी. तिसरी. बाईने विचारलं, "पुरे का, काकी?"

"असं का," काकू म्हणाल्या, आणि हात तसाच पुढे धरला. बाईने आणखी दिल्या.

परत येताना काका मागच्या सीटवर होते. मी आरशात पाहिलं. ते काकूंच्या मानेकडे बघत बसले होते. काकू मांडीवरच्या फांद्यांवर हात ठेवून झोपल्या होत्या, आणि गाडीभर तो वास होता. ठाणे कधी आलं ते मला कळलं नाही.

फांद्या बागेत लावल्या, त्या लागल्या. पावसाळ्यापर्यंत त्यांना हातभर वाढ आली. बटणाच्या बाबतीत मात्र काही फरक पडला नाही. शहाडहून आल्यावर आठवडाभर काका हात मागे बांधून उभे राहत. मग पुन्हा सगळं पहिल्यासारखं.

श्रावणातल्या एका दुपारी ते पडले. नुकतीच सर येऊन गेली होती आणि ऊन पडलं होतं. बागेतल्या नळाजवळ शेवाळ धरलेलं, त्यावरून पाय सरकला आणि ते नळाच्या कट्ट्यावर आपटले. घोटा मोडला. उठता येईना, डोकंही थोडं फुटलं होतं. सगळा नौपाडा झोपलेला. हाक मारायला गेले तर तोंडातून आवाज निघेना, असं ते म्हणाले. समोर, दारात, खुर्चीत काकू. आणि मधे त्या दोन पायऱ्या, ज्या काकू तोवर काकांनी दोन्ही बगलांत धरल्याशिवाय कधी उतरल्या नव्हत्या.

पुढचं मला काकांनीच सांगितलं, प्लास्टर घातलेला पाय उशीवर ठेवून. "मी हाताने खूण केली, बस, उठू नकोस. ती उठली. चौकटीला धरलं. माझ्याकडे बघत नव्हती, पायरीकडे बघत होती. डावा पाय खाली टाकला. मग तो दुसरा, तू म्हणतेस तसा, कमरेतून ओढून. मला वाटलं, आता ही पडणार आणि मी इथून नुसता बघणार. डोळे मिटले मी. उघडले तर माझ्यापाशी उभी. भिंतीला टेकून. आणि मग तिने तो आवाज काढला."

वर्गातला आवाज. दुसऱ्या मजल्यावरचे शेजारी गॅलरीत आले.

"काय झालं काकू?"

"असं का."

"काय म्हणता?"

"असं का. असं का."

शेजारी झोपेत होते. ते म्हणाले, "अहो, पण काय असं का?" तेव्हा काकूंनी जवळची गुलाबाची फांदी धरून अशी गदागदा हलवली की खाली पडलेले काका त्यांना दिसले.

हे सांगताना काका हसत होते. हसता हसता त्यांचा चेहरा बदलला, आणि त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. त्या दिवशी शेजाऱ्यांनीच त्यांना प्लास्टर घालून घरी आणलं आणि मला फोन केला होता. मुलगी शीळफाट्याच्या गर्दीत अडकली होती, ती पोचायला संध्याकाळ झाली. तोवर खोलीत आम्ही तिघंच. काकूंच्या तळहाताला काटे लागले होते. मी कापूस घेऊन ते पुसत होते आणि त्या हात ओढून घेत होत्या, त्यांना काकांचं पांघरूण नीट करायचं होतं.

प्लास्टर होतं तोवर काकांना दुसरा इलाज नव्हता. चहा काकू करायच्या, एका हाताने, ओट्याला कंबर टेकवून. एक कप व्हायला अर्धी दुपार जायची. काका पलंगावरून बघत पडून राहायचे. साखरेचा डबा उघडताना झाकण खाली पडायचं, गोल फिरायचं, थांबायचं. काकू वाकायच्या. काकांची बोटं चादरीवर आवळली जायची. चहा गार यायचा. ते तो शेवटच्या घोटापर्यंत प्यायचे आणि म्हणायचे, "छान झालाय." एकदा साखरेऐवजी मीठ पडलं होतं. तोही प्यायले. काकूंनी स्वतःचा घोट घेतला, तोंड वाकडं केलं आणि खूप हसल्या.

दसऱ्यानंतर छाटणीची वेळ आली तेव्हा काका काठी घेऊन दारात बसले आणि काकू स्वयंपाकघरातली कात्री घेऊन खाली उतरल्या. मी मागे उभी होते, माझ्या कामाचा भाग म्हणून. त्यांनी जिथे हात पोचला तिथे कापलं. डोळ्याच्या वर, खाली, अध्येमध्ये, कुठेही. चांगली जोमदार फांदी गेली, वाळकी राहिली. आयुष्यभर माल तपासणारा माणूस हे बघत होता. मी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं.

"माझी जुनी झाडं अशी कापली असती," ते म्हणाले, "तर त्याच दिवशी मेली असती."

"आणि ही?"

"ही बघ तू डिसेंबरात."

डिसेंबरात भिंत दिसत नव्हती. गुलाबी आणि पांढरं एकात एक झालं होतं. दुपारी मी गेले तर दार उघडंच असायचं, आणि खुर्च्या आता दाराशी नसायच्या, खाली बागेत असायच्या, दोन, शेजारी शेजारी. तिथे मी व्यायाम घ्यायचे. पाकळ्या काकूंच्या मांडीवर पडत राहायच्या. मला परत क्लिनिकला जायचं आहे हे मी विसरून जायचे. एका अशाच दुपारी काकू "चहा" म्हणाल्या. स्पष्ट. काकांनी आणि मी एकमेकांकडे पाहिलं. काका उठायला लागले तर त्यांनी त्यांना हाताने खाली बसवलं आणि स्वतः उठल्या.

त्यानंतर थोडे थोडे शब्द आले. पाणी, ऊन, नको. "नको" त्यांना फार आवडायचा, तो कुठेही वापरायच्या.

काका पुढच्या वर्षी गेले, दिवाळीच्या सुमारास. छातीत दुखलं, हॉस्पिटलमध्ये नेलं, दोन दिवस बरे होते, तिसऱ्या दिवशी नव्हते. मी भेटले तेव्हा नळ्या लावलेल्या होत्या. मला म्हणाले, "बटणं ती स्वतः लावते आता. मी बघतो नुसता. अवघड असतं गं ते बघणं." मला त्यांना काही चांगलंसं सांगायचं होतं, पण नर्स आली.

मुलीने काकूंना आपल्याकडे नेण्याची तयारी केली होती. टॉवर, लिफ्ट, मदतीला माणसं, सगळं होतं. काकू "नको" म्हणाल्या. मुलीने समजावलं, जावयाने समजावलं. नको. शेवटी दिवसरात्र राहणारी एक बाई मिळाली आणि काकू नौपाड्यातच राहिल्या. मुलगी दर शनिवारी यायची. मी जायचे, पण पूर्वीसारखं ठरलेल्या वारी नाही.

त्या वर्षी दसऱ्यानंतर छाटणी झाली नव्हती. ती वेळ आली तोवर काका गेले होते. तरी झुडपं फुलली, जरा वेडीवाकडी, जरा उंच. फाल्गुनातल्या एका सकाळी मी गेले. एरवी मी दुपारी जायचे, त्या दिवशी दुसरं काम होतं म्हणून लवकर. बाई भाजी आणायला गेली होती. पुढचं दार लोटलेलं. मी आत गेले, मागच्या दारापाशी आले आणि थांबले.

काकू खाली बागेत उभ्या होत्या, पाठमोऱ्या, डाव्या हाताचं कोपर भिंतीला टेकवून. ऊन अजून भिंतीच्या वर होतं, खाली यायचं होतं. त्या वाळलेली फुलं खुडत होत्या. हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. आणि खुडता खुडता त्यांनी काकांना हाक मारली. नावाने.

त्यांच्या मुलीने मला सांगितलंय की आईने बाबांना जन्मभर "अहो" म्हटलं. उखाण्यातही नाव घ्यायला लाजायची, वर्गात एवढा आवाज असून. मी स्वतः त्या घरात दोन वर्षांहून जास्त जात होते आणि त्या तोंडातून ते नाव मी ऐकलं नव्हतं. आता ते आलं होतं, सगळ्या अक्षरांसकट, कुठेही न अडखळता. रडून नव्हे. चहा झालाय म्हणून पुढच्या खोलीतल्या माणसाला सांगावं, तितक्या सहज. त्यांनी ते पुन्हा म्हटलं, जरा वेगळ्या सुरात, जणू तोंडात कसं लागतं ते बघत. ते नाव मी इथे लिहिलेलं नाही. तुम्ही मला विचारू नका.

माझी चाहूल लागली असावी. त्यांनी मान वळवली. दचकल्या नाहीत, लाजल्याही नाहीत. झाडाकडे वळून त्यांनी ताज्या फुलांचा एक पुंजका तोडला, पायऱ्यांपाशी आल्या आणि तो माझ्या हातात दिला. मी घ्यायला वाकले, डोळे पुसत, काहीतरी बोलायच्या बेतात. मग माझ्या लक्षात आलं की फुलं त्यांनी मला दिली नव्हती. नुसती धरायला दिली होती. पायरी चढायला त्यांना हात मोकळा हवा होता.